वाट आढळली नाही

९ जानेवारी

वन्सं,

नमस्कार, खुशाली, गुडघे कसे आहेत, हे सगळं मी विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलं असं धरून चाला. मी फार वैतागले आहे आणि हा वैताग उतरवायला मला तुमच्याखेरीज कोणी नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि न ऐकलेल्या अर्ध्याला तुम्ही 'बरं बरं' म्हणता.

आमची चालणाऱ्यांची टोळी तुम्हाला माहीत आहे. पाच माणसं, आणि पाचांत मिळून धड गुडघे सहा. त्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी निवृत्त झाल्यावर भिंतीएवढा कॉम्प्युटर घेतला आहे. त्यावर ते उपग्रहानं वरून टिपलेलं आमच्या डोंगराचं चित्र लावतात आणि त्या चित्रावर जुना नकाशा काचेसारखा पातळ करून अंथरतात. जुन्या नकाशात आमच्या गावापासून वरच्या वस्तीपर्यंत ठिपक्यांची एक रेघ आहे. म्हणजे पायवाट. आज ती झाडीत कुठे बुडाली आहे ते कोणालाच ठाऊक नाही.

नुसती हौस असती तर मी एवढी चिडले नसते. पण डोंगराचा हा उतार खाणवाल्यांना द्यायचं ठरलं आहे. एप्रिल लागला की कुंपण पडणार. जिथे जुनी वाट होती असं सिद्ध होईल तेवढी पट्टी त्यांना मोकळी सोडावी लागते, आणि अशा वाटा नोंदवायची मुदत एकतीस मार्चला संपते. वरच्या वस्तीत अकरा घरं आहेत. त्यांना रस्त्यानं खाली यायला एकोणीस किलोमीटरचा फेरा पडतो. आता वाट मिळाली तर मिळाली, नाहीतर कायमची गेली.

तर डॉक्टरांना त्या चित्रात एक गडद रेघ दिसली. कुठलीही काळी रेघ दिसली की त्यांना किडलेला दात सापडल्यासारखा आनंद होतो. आम्ही तीन तास काट्याकुट्यांतून त्या रेघेवर चढलो. वर पाण्याची एक टाकी होती, टाकीला कुलूप होतं आणि कुलपाला एक कुत्रा. ती वाट नव्हतीच, जमिनीत पुरलेला नळ होता. डॉक्टर म्हणाले, निदान पाणी कुठून येतं ते तरी कळलं.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या नकाशाच्या कचेरीनं बेचाळीस वर्षांपूर्वी याच भागाची मोजणी केली आणि मग नवा नकाशा छापला. त्यात ती रेघ नाही. माझ्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावलं तर खालच्या कोपऱ्यात 'रेखाटन' म्हणून तुमची आद्याक्षरं दिसतात. जुन्या नकाशात वाट आहे, नव्यात नाही, आणि नवा तुम्ही काढला आहे. मग ती गेली कुठे? कोणी सांगितलं तुम्हाला, की वाट नाही म्हणून?

सविस्तर लिहा. कार्ड पाठवलंत तर परत पाठवीन.

तुमची
वहिनी


१९ जानेवारी

वहिनी,

कुत्र्याचं वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

तुझ्या डॉक्टरांना विचार, जुना नकाशा चित्रावर बसवताना त्यांनी खुणेला काय धरलं? पूल धरला असणार. नवखे सगळे पूल धरतात. तुझ्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तुमच्याकडचा पूल पुरात गेला आणि नवा झाला तो तीनशे पावलं खाली, हे तू तरी त्यांना सांगायचंस. पूल सरकला की त्याच्यासोबत तुमचा अख्खा डोंगर सरकला. न हलणारं काहीतरी धरा. डोंगराचा सुळका, खडकात दोन ओढे मिळतात ती जागा, जुन्या दगडी हौदाचा कोपरा. अशा तीन तरी खुणा जुळल्याशिवाय नकाशा बसला असं म्हणू नये.

आणि एक, जे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. वाट ओढ्याला चिकटून जात असली तर आम्ही ती नकाशावर मुद्दाम जराशी बाजूला काढायचो. दोन्ही आहेत तिथेच काढलं तर शाईत शाई मिसळते आणि दोन्ही वाचता येत नाहीत. तेव्हा ठिपके जिथे आहेत तिथे शोधू नका. त्याच्याहून ओढ्याजवळ शोधा. चित्रही भरदुपारचं घेऊ नका. सकाळच्या तिरप्या उन्हातलं मिळालं तर घ्या. डोंगर कापून वाट काढलेली असली की तिच्या कडेची बारीक सावली पडते. भरदुपारी सगळंच सपाट दिसतं.

नव्या नकाशाचं म्हणशील, तर आम्ही आतल्या खोलीत बसून शाईनं गिरवणाऱ्या बायका. डोंगरावर जाणारे सर्व्हेअर त्यांच्या टिपणवह्या आणून द्यायचे. वहीत असेल ते काढायचं, नसेल ते काढायचं नाही. अशा शेकडो वह्या हातून गेल्या. आता कुठल्या रेघेचं काय झालं ते कसं आठवणार?

थंडीत चढू नकोस. दादा असता तर तुला जाऊच दिलं नसतं.

तुझी
वन्सं


३ फेब्रुवारी

वन्सं,

सापडली.

पूलच धरला होता त्यांनी. मी विचारलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा चुकीचा दात उपटल्यासारखा झाला. मग ओढ्यांचा संगम, सुळका आणि हौद धरून नकाशा पुन्हा बसवला, सकाळचं चित्र मिळवलं, आणि ठिपक्यांच्या डावीकडे, ओढ्याला अगदी लागून, केसाएवढी एक सावली दिसली. मी भिंग लावून पाहिली. रविवारी गेलो. गुडघाभर उंचीचा दगडी बांध, त्यावर शेवाळ, आणि पुढे वळणावर सात पायऱ्या. चांगल्या घडवलेल्या. मी तिसऱ्या पायरीवर बसले आणि काही कारण नसताना रडले. डॉक्टरांनी रुमाल दिला. तो स्वच्छ नव्हता.

हा आनंद सोमवारपर्यंत टिकला. सोमवारी मी फोटो घेऊन नोंदणीच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं फोटो न बघताच सांगितलं की पायऱ्या कोणीही बांधतो. नव्या नकाशात वाट नाही, म्हणजे सर्व्हेअरनं प्रत्यक्ष डोंगरावर जाऊन खात्री केली आणि त्याला ती दिसली नाही. म्हणजे वाट तेव्हाच मोडली होती. मोडलेली वाट नोंदवता येत नाही. मी म्हटलं, आणि सर्व्हेअर गेलाच नसेल तर? तो म्हणाला, तसं सिद्ध करा आणि या. मग त्यानं खिडकी लावून घेतली. सव्वाबाराला.

आता मला सांगा, सर्व्हेअर कोण होता? तुम्हाला आठवत नाही हे मी मानायला तयार नाही. माझ्या लग्नात कोण कोणाशी बोललं नाही ते तुम्हाला क्रमवार आठवतं, आणि रेघ आठवत नाही?

मला एकाचा संशय आहे. त्या वर्षी यांचं सर्व्हेचं पथक इथे आलं तेव्हा नदीपलीकडचा भाग यांच्याकडे होता आणि डोंगर त्यांच्या त्या मित्राकडे, लंब्याकडे. यांनीच सांगितलं होतं तेव्हा. आपलं काम संपलं, आठ दिवस रजा आहे म्हणाले, आणि रोज वडिलांच्या घड्याळांच्या दुकानात यायचे. लंब्या कुठे तरी सावलीत झोपला असणार. मला तो तेव्हाही आवडला नव्हता, जांभया देत बोलायचा. हे असे कधी वागले नसते. न पाहिलेली एक रेघ यांनी कधी लिहिली नाही. कचेरीत नवीन पोरांना यांच्या वह्या दाखवून शिकवायचे हे तुम्हीच मला दहादा सांगितलं आहे.

लंब्याचा पत्ता पाठवा. मला त्याला चार शब्द सुनवायचे आहेत.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

वाट सापडली हे वाचून फार बरं वाटलं. ते सात पायऱ्यांचं वळण जुन्या नकाशात मी पाहिलेलं आहे. तिथे ठिपके जरा दाटीनं असतात.

लंब्याच्या वाटेला जाऊ नकोस. तो वृद्धाश्रमात आहे, एकटा आहे, सत्तरी ओलांडली आहे त्यानं. एवढ्या वर्षांनी त्याला जाब विचारून काय मिळणार? त्यापेक्षा त्या कारकुनाच्या वरच्या साहेबाला भेट. पायऱ्यांचे फोटो मोठे करून घे. वरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, ते वाटेनं कधीपर्यंत जात होते. जिवंत माणसांचा पुरावा कागदापेक्षा मोठा.

आणि सर्व्हेअर कोण, कोण, हे काय लावलं आहेस? माणसाच्या हातून चूक होते. झाली असेल कोणाच्या तरी.

पत्ता माझ्याजवळ नाही. होता, पण वही सापडत नाही.

वन्सं


२ मार्च

वन्सं,

तुमची वही सापडत नसली तरी यांची सापडली. यांच्या खणात लंब्याचा पत्ता होता. मी लिहिलं. चार शब्द म्हणता म्हणता चार पानं झाली.

आधी वरच्या वस्तीचं सांगते. तुमचं ऐकून गेले होते, रस्त्यानं, तो फेरा घालून. बसमधून उतरले तेव्हा माझी कंबर सरळ होईना. तिथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्या म्हणाल्या, वाट मोडली वगैरे काही नव्हती. त्या रोज त्या वाटेनं कपडे घेऊन खाली यायच्या. दरवर्षी बांधकाम खात्याची माणसं येऊन दगड बसवायची, फांद्या छाटायची. मग एका वर्षी आलीच नाहीत. वस्तीतली माणसं चौकशीला गेली तर साहेबानं नवा नकाशा उघडून दाखवला. नकाशात नसलेल्या वाटेची दुरुस्ती कशी करणार? दोन पावसाळ्यांत वरची दरड आली आणि संपलं. त्या बाईंनी हे शिवण न थांबवता सांगितलं. मला त्यांच्याकडे बघवेना. मी यायला निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, वाट काढून टाकणारा माणूस कोण होता काही कळलं का? मी म्हटलं, कळेल.

आणि कळलं. लंब्याचं उत्तर आलं. तीन ओळी. 'वहिनी, चूक माझीच. डोंगर माझ्याकडे होता आणि मी गेलो नाही. कुठे सही करायची ते कळवा.' बस्स. ना कारण, ना माफी. चार पानांना तीन ओळी. इतक्या सहज कबूल करतो याचाच मला जास्त राग आला. एका आळशी माणसाचे आठ दिवस आणि अकरा घरांची बेचाळीस वर्षं. झोप तरी लागत होती का याला?

असो. सुनावणी सव्वीस तारखेला आहे. प्रतिज्ञापत्राचा नमुना मी त्याला उद्या पाठवते आहे. त्यानं सही केली की आपलं काम झालं. तुम्ही उगाच मला अडवत होतात.

वहिनी


७ मार्च

वहिनी,

प्रतिज्ञापत्र पाठवलं असशील तर त्याला आजच फोन कर, माणूस पाठव, काय वाटेल ते कर. त्याला सही करू देऊ नकोस. तो खोटं बोलतो आहे.

डोंगर दादाकडे होता. नदीपलीकडचा भाग लंब्याकडे. दादानं तुला उलटं सांगितलं.

सोबत रजिस्टरनं दादाची टिपणवही पाठवते आहे. मी निवृत्त झाले तेव्हा जुन्या वह्या रद्दीत चालल्या होत्या. ही मी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली. कचेरीची वस्तू मी आयुष्यात ही एवढीच घेतली.

सांगते ते नीट वाच. मी जुन्या नकाशावरून ती वाट आधीच गिरवून ठेवली होती. मग दादाची वही आली. दादाच्या वह्या कशा असायच्या ते मला ठाऊक होतं. मातीची बोटं, घामानं फुगलेली पानं, मध्येच चिरडलेला एखादा किडा. ही वही कोरी करकरीत होती. आठ दिवसांच्या आठ नोंदी, एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेल्या. वाटेच्या नोंदीपुढे लिहिलं होतं, 'वाट आढळली नाही.'

मी त्याला कचेरीच्या जिन्यात गाठलं. विचारलं, डोंगरावर गेला होतास का?

"नाही."

"मग आठ दिवस होतास कुठे?"

"घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं."

मला काही कळेना. मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मुलगी फार हुशार आहे गं. घड्याळाला काही झालेलं नाही हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं असणार."

मी त्याला म्हटलं, अरे, मग निदान जुन्या नकाशात होती तशी वाट आहे म्हणून तरी लिहायचंस. तर म्हणाला, न पाहिलेली वाट आहे असं कसं लिहू? मला ती आढळली नाही हे तर खरंच आहे ना. वहिनी, तुला हसू येईल की राग ते मला माहीत नाही, पण त्याला हे मनापासून पटलेलं होतं. न पाहिलेली रेघ लिहायची नाही, हा त्याचा नियम. तो नियम पाळूनच त्यानं ते खोटं लिहिलं. पुढच्या हंगामात जाऊन दुरुस्त करतो म्हणाला. पुढच्या हंगामात त्याची बदली झाली, तुमचं लग्न झालं, नकाशा छापून आला.

आणि मी जागेवर येऊन बसले, दाढीच्या पात्यानं तेवढे ठिपके खरवडून काढले, आणि वर नखानं घासून कागद गुळगुळीत केला. म्हणजे तुझ्या त्या शिवणवाल्या बाईंना सांगायचं असेल तर दोन नावं सांग.

तू प्रत्येक पत्रात त्याचा खरेपणा काढत होतीस. मी काय लिहिणार होते? पण लंब्यानं मेलेल्या मित्रासाठी खोटी सही करावी आणि मी गप्प बसावं, एवढं माझ्याच्यानं होणार नाही.

वन्सं


१६ मार्च

वहिनी,

रजिस्टर पोचल्याची पावती मला आली आहे. तुझं काही आलं नाही. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण लिही.

वन्सं


२० मार्च

वन्सं,

वही पोचली. लंब्याला फोन केला. आधी तो ऐकेचना. तो आता उत्तर द्यायला नाही, मी आहे, दोष माझ्यावर आला तर मला काय फरक पडतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, तुम्ही सही केलीत तर मी स्वतः येऊन फाडीन. मग म्हणाला, त्या वर्षी मी त्याला रोज हाक मारायचो, डोंगरावर चल, मी बरोबर येतो, आणि तो रोज आरशात भांग पाडत बसलेला असायचा. हे सांगताना तो जांभई देत नव्हता, हसत होता.

निवृत्तीनंतर आम्ही इथे माझ्या माहेरच्या घरात राहायला आलो, तेव्हापासून जाईपर्यंत पाच वर्षं हे खिडकीकडे पाठ करून बसायचे. मी समजायचे, उजेड सहन होत नाही. म्हणून मी जाड पडदा शिवून घेतला. खिडकीतून डोंगर दिसतो, वन्सं. मी पडदा शिवला.

सध्या एवढंच. माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि तुमच्यावरचा राग वेगळा काढून ठेवला आहे.

वहिनी


३ एप्रिल

वन्सं,

आता सविस्तर.

सुनावणीच्या आधीचे तीन दिवस मी वडिलांच्या दुकानाचा माळा उपसत होते. ते कुठलाच कागद टाकायचे नाहीत. बेचाळीस वर्षांपूर्वीची दुरुस्तीची नोंदवही मिळाली. दुकानात येणारं प्रत्येक घड्याळ त्यात लिहायचं, तारीख, गिऱ्हाईक, बिघाड, असा वडिलांचा दंडक होता, आणि त्या वर्षी ते काम माझ्याकडे होतं. यांच्या टिपणवहीतल्या आठ तारखा मी तिथे काढून बघितल्या. आठही दिवशी यांचं घड्याळ. आठही दिवशी माझ्या अक्षरात, 'तपासले. दोष आढळला नाही.'

मी वही मांडीवर घेऊन तशीच माळ्यावर बसून राहिले. खाली डॉक्टर शिडी धरून उभे होते, ते हाका मारत होते की तुम्ही जिवंत आहात का. वन्सं, पहिल्या दिवशी मी त्यांना सांगू शकले असते की घड्याळ चांगलं आहे, पुन्हा येऊ नका. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ उघडलं आणि उगाचच अर्धा तास बघत बसले. यांना मी दहा दिवस मनातल्या मनात बोल लावत होते, ते माळ्यावर मला पुरे करता आले नाहीत. तुमच्यावरचाही राग त्यातच गेला. थोडा ठेवला आहे.

सुनावणी घेणारी अधिकारी लेकीच्या वयाची होती. समोर खाणीचे दोन वकील, मागे वरच्या वस्तीतली चार माणसं, त्यात त्या शिवणवाल्या बाई. वकील म्हणाले, हा सर्व्हेअर तर खात्यातला सगळ्यात भरवशाचा माणूस, त्याच्या वह्या शिकवायला वापरतात, त्यानं 'आढळली नाही' लिहिलं म्हणजे नव्हतीच. यांचं एवढं कौतुक मी परक्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही अशा वेळी. अधिकारी बाईंनी मला विचारलं, सर्व्हेअर वाटेवर गेला नाही म्हणता, मग त्या आठ दिवसांत तो होता कुठे?

मी म्हटलं, "आमच्या दुकानात. माझ्यासमोर."

दोन्ही वह्या मी टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. त्यांनी एकीवरून दुसरीवर बोट फिरवत आठही तारखा वाचल्या. वकिलांनी विचारलं, या नोंदी कोणाच्या अक्षरात आहेत? मी म्हटलं, माझ्या. आणि हा मनुष्य तुमचा कोण? मी म्हटलं, नवरा. डॉक्टरांना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले.

मी मागे वळून बघितलं नाही. धीरच झाला नाही.

निकाल तिथेच झाला. तपासणी झालीच नव्हती, सबब 'आढळली नाही' ही नोंद धरता येत नाही. वाट कायम. मग त्या खिडकीतल्या कारकुनानं मोठं रजिस्टर आणलं. त्यात 'पूर्वीच्या चुकीचे कारण' असा एक रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय नोंद होत नाही. काय लिहू, असं त्यानं मला विचारलं. लिहायला मजकूर बराच होता. मी सांगितलं, लिहा, 'सर्व्हेअर वाटेवर गेला नव्हता.' त्याखाली सही माझी, आणि सहीसमोर नातं, 'पत्नी'. यांच्या नावावर बसलेली ही पहिली आणि शेवटची काट, आणि ती मी मारली.

जिन्यात शिवणवाल्या बाईंनी मला गाठलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. त्या कठड्याला धरून दोन पायऱ्या माझ्यासोबत उतरल्या आणि म्हणाल्या, तुमच्या यजमानांना एकदा तरी वर आणायचं होतंत. मी म्हटलं, ते कधी आलेच नसते. त्या आणखी एक पायरी उतरल्या. मग म्हणाल्या, माझ्या धाकट्याला ताप भरला होता तेव्हा आम्ही त्याला रस्त्यानं नेलं. एवढंच. तो वाचला की नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. बसस्टॉपवर त्यांनी मला आपल्या शेजारी बसायला जागा केली. ही जागा कशाबद्दल, तेही मी विचारलं नाही.

काल आम्ही ती वाट पहिल्यांदा पूर्ण चढलो. वस्तीतली माणसं वरून फांद्या तोडत आली होती, आम्ही खालून. दरड कोसळली आहे तिथे त्यांनी दोर बांधला आहे. बाकी दगड जसेच्या तसे. ही वाट चुकणं शक्य नाही, वन्सं. आंधळ्यालाही पायांना कळेल.

आणि मी घड्याळ लावून चढले, ही सवय जाणार नाही. चौसष्टाव्या वर्षी, पाच ठिकाणी बसून, एकदा डॉक्टरांची टोपी ओढ्यातून काढून, मला वर पोचायला सव्वादोन तास लागले. तुमचे दादा तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. सकाळी सहाला निघाले असते तर वाट बघून, वहीत टिपून, उतरून, दहाला ओढ्यावर तोंड धुऊन दुकानात आले असते. आम्ही दुकान दहाला उघडायचो. संध्याकाळी सातपर्यंत मी तिथेच असायचे.

तुमची
वहिनी